दोन तासांची झोप

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की खिडकीसमोर उभ्या असलेल्या विमानाचं शेपूटही दिसत नव्हतं. सगळी उड्डाणं अडकलेली. वैमानिकांच्या खोलीत एकही खुर्ची रिकामी नव्हती. कोणी पेंगत होतं, कोणी फोनवर बायकोशी हळू आवाजात भांडत होतं, आणि कोपऱ्यातलं यंत्र नेहमीप्रमाणे कॉफीच्या नावाखाली गढूळ गरम पाणी देत होतं. खिडकीपाशी एक माणूस बॅगेवर पाय टेकवून संत्रं सोलत बसला होता. त्याच्या समोरच्या स्टुलावर मी बसले, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. हे आधीच सांगून ठेवते... कारण पुढे त्याने सगळ्यांना ‘ती स्वतःहून येऊन बसली’ असंच सांगितलं.

त्याने युनिफॉर्मवर जाडजूड मातकट स्वेटर घातला होता. खांद्यावरच्या पट्ट्या दिसत नव्हत्या, त्यामुळे कॅप्टन आहे की माझ्यासारखाच फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, काही कळत नव्हतं. मला कळून घ्यायचंही नव्हतं. माझं डोकं आधीच तापलं होतं.

आदल्या दिवशी आमच्या संघटनेने नव्या कराराचा मसुदा सगळ्यांना पाठवला होता. कंपनी आणि संघटना कित्येक महिने बंद खोलीत बसून बोलणी करत होत्या. त्यातून निघालेलं हे बाळ. आता आम्ही सभासदांनी मत द्यायचं होतं – स्वीकारायचा की नाकारायचा. पगार वाढणार होता, म्हणून जुनी मंडळी खूश. पण दोन दिवसांच्या ड्युटीमधल्या विश्रांतीतले दोन तास कंपनीने कापून घेतले होते. कागदावर दोनच तास. पण घरी जायचं, आंघोळ करायची, दोन घास खायचे, परत यायचं, यातलं काहीच कमी होत नाही. जे कमी होतं ते झोपेतून.

“हा जो कोणी महाभाग बोलणी करायला बसला होता ना,” मी फोनकडे बघत म्हणाले. म्हणाले स्वतःशीच, पण माझं स्वतःशी बोलणं तिसऱ्या खोलीत ऐकू जातं असं आत्या म्हणते. “त्याला ओळीने दोन रात्री जागवायला पाहिजे.”

“दोनच?” समोरून आवाज आला. मऊ, शांत आवाज.

“दोन पुरे. तिसऱ्या दिवशी त्याला विमानात बसवायचं आणि म्हणायचं, हं, उतरव आता.”

“कितव्या पानावर आहात?”

“बाराव्या.”

“मग थोडा राग शिल्लक ठेवा.” त्याने संत्र्याची एक फोड माझ्यापुढे धरली. “पंधराव्यावर याहून वाईट आहे.”

मी फोड घेतली. “तुम्ही एवढं नीट वाचलंय?”

“लिहिताना हजर होतो.” त्याने पुढची फोड सोलली. “तो महाभाग मीच.”

मला वाटलं आता आपल्याला लाज वाटेल. मी एक क्षण वाट पाहिली. नाही वाटली.

“बरं झालं,” मी म्हणाले. “शिव्या परस्पर पोचल्या. मला पत्ता शोधावा लागला नाही.”

तो हसला. आधी डोळे हसायचे त्याचे, मग बऱ्याच वेळाने ओठ – जणू परवानगी मागून. संघटनेच्या समितीतला तो सगळ्यात तरुण. माझ्याच हुद्द्यावरचा, पण सहा-सात वर्षं जुना. त्यानेच सांगितलं, समितीत सगळे त्याला ‘मवाळ’ म्हणतात, कारण तो कधी आवाज चढवत नाही. तरुणांना करार पटवायचं काम म्हणूनच त्याच्या गळ्यात घातलं होतं.

“नावाला शोभता,” मी म्हणाले.

“आणि तुम्हाला जहाल म्हणायचं का?”

“म्हणून बघा.”

बाहेर धुकं विरळ झालं होतं. माझ्या उड्डाणाची सूचना झाली. बॅग ओढत मी दारापर्यंत गेले, तेव्हा मागून तोच मऊ आवाज आला – “तुमच्या सगळ्या हरकती मला पाठवाल? शिव्यांसकट चालतील.”

मी पाठवल्या. शिव्यांसकट.

तो प्रत्येकीला उत्तर द्यायचा. सावकाश, मुद्द्याला धरून, कुठेही न चिडता. आणि त्यामुळेच मी जास्त चिडायचे. मग लिहून पुरेना म्हणून आम्ही भेटायला लागलो. विमानतळाच्या कुंपणालगत एक लांबलचक रस्ता आहे. एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला मालाची गोदामं. ड्युटी संपली की तिथे चालत भांडायचं, असं ठरूनच गेलं. वारा धावपट्टीवरून थेट यायचा, आणि तो न बोलता वाऱ्याच्या बाजूला जाऊन चालायचा. मी ते पाहिलं होतं. पाहिलं नाही असं दाखवत होते.

“तुम्हाला राग येतच नाही का?” एकदा मी विचारलं.

“येतो.”

“मग दिसत कसा नाही?”

“मी दात खातो.”

“खरंच?”

“झोपेत. सगळा राग रात्री दातांवर काढतो.” मग थोडं थांबून – “हल्ली जरा जास्तच.”

“कोणाचा एवढा राग?”

“कंपनीचा. अध्यक्षांचा.” त्याने माझ्याकडे तिरपं पाहिलं. “आणि एका बाईंचा, ज्या मला रोज कुंपणाच्या कडेने चालवतात आणि ‘कंपनीचा जावई’ म्हणतात.”

“जावयाला निदान मानपान तरी मिळतो,” मी म्हणाले. “तुम्हाला काय मिळालं?”

डोक्यावरून एक विमान उतरायला आलं. त्याच्या आवाजात उत्तर बुडालं, की त्याने दिलंच नाही... पण विमान गेल्यावर तो वेगळंच काहीतरी सांगायला लागला. त्याचे वडीलही वैमानिक होते, दुसऱ्या एका कंपनीत. तिथल्या लोकांनी असाच एक करार ताठ मानेने नाकारला. कंपनी ताठरली, संघटना ताठरली, आणि ताठरता ताठरता कंपनी बंद पडली. वडील पुन्हा कधी उडाले नाहीत. गॅलरीत बसून ते आवाजावरून विमानं ओळखायचे. “बरोबर ओळखायचे,” तो म्हणाला. “आई म्हणायची, आत या, डास चावतात. ते म्हणायचे, थांब, एक यायचंय अजून.”

त्याचा हात तारेवर होता. माझा त्याच्या शेजारी गेला... टेकला नाही. मग मी म्हणाले, “तरीही तुमचं पंधरावं पान चूक आहे.”

“माहीत होतं,” तो म्हणाला. “तुम्ही हेच म्हणणार.”

पंधराव्या पानावर असं होतं की करार मंजूर होईपर्यंत कंपनी काही मार्गांवर हे नवं वेळापत्रक ‘प्रयोग म्हणून’ चालवून बघेल. माझं नाव त्या प्रयोगात होतं. आणि आमच्या काकांचंही.

काका म्हणजे आमचे एक ज्येष्ठ कॅप्टन. सगळी कंपनी त्यांना काकाच म्हणायची. मी पहिल्यांदा प्रवासी घेऊन उडाले तेव्हा शेजारी तेच होते. माझ्या थरथरत्या हाताकडे न बघता त्यांनी मला खिडकीतून एक नदी दाखवली होती.

प्रयोग सुरू झाल्यावरची गोष्ट. काकांचं आणि माझं त्या दिवसातलं ते चौथं उड्डाण होतं. मवाळ मुख्य कार्यालयात मतदानाआधीच्या शेवटच्या बैठकीला चालला होता. विमान भरलेलं, म्हणून काकांनी त्याला कॉकपिटमधल्या मागच्या घडीच्या खुर्चीवर बसू दिलं. दुपारचं ऊन समोरच्या काचेतून थेट अंगावर येत होतं. विमान काका चालवत होते, मी रेडिओ सांभाळत होते. आम्ही खाली उतरायला लागलो. कंट्रोलने नवी उंची सांगितली, मी ती परत म्हणून दाखवली, आणि काकांनी आकडा लावला का म्हणून बघितलं.

त्यांचा हात बटणावर होता. पण बटण फिरत नव्हतं.

“काका?”

काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसेनात. मान किंचित कलली होती, लहान मुलाची बसमध्ये कलते तशी.

“माझ्याकडे,” मी मोठ्याने म्हणाले. विमान आता मी चालवते, याचा आमच्यातला हा शब्द. एका हाताने आकडा फिरवला आणि दुसऱ्याने त्यांचा खांदा गदागदा हलवला. काका दचकून जागे झाले. समोरच्या पडद्यांकडे त्यांनी असं पाहिलं, जणू चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेत.

“बाळ,” ते म्हणाले, “तूच उतरव.”

मी उतरवलं. आडवा वारा होता, पण चाकं बरोबर टेकली. मागच्या खुर्चीवरचा श्वास मला सबंध वेळ ऐकू येत होता.

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मी आजच कळवतो. माझं मीच.”

“काका, थोडं थांबा. आधी...”

“नाही बाळ. मागे एवढी माणसं बसली होती.”

शिडीवर मी मवाळाला गाठलं. तो कठडा घट्ट धरून उभा होता.

“बघितलंत?” मी म्हणाले. “ते तुमचं पंधरावं पान. कसं दिसतं ते जवळून बघितलंत?”

तो खालच्या पायरीकडे बघत राहिला.

“बोला ना. बोलणी करता ना तुम्ही?”

“तुमचा हात थरथरतोय,” तो म्हणाला आणि माझी बॅग घ्यायला वाकला.

मी बॅग हिसकावून घेतली. “रागाने थरथरतोय. त्याला हात लावू नका.”

दोन दिवसांत कंपनीने काकांना घरी बसवलं. कारण काय, तर वैयक्तिक निष्काळजीपणा. ज्या माणसाने स्वतः होऊन सांगितलं, त्याच्यावरच बिल फाडलं. मी घरी येऊन आत्याच्या स्वयंपाकघरात एक पातेलं इतक्या जोरात आपटलं की त्याला पोचा पडला. आत्या दातांची डॉक्टर. पहिल्या मजल्यावर तिचा दवाखाना, त्याच्या वर घर. माझे आईवडील लांब राहतात, म्हणून नोकरी लागल्यापासून मी तिच्याकडेच असते.

“पातेल्याने काय घोडं मारलंय?” आत्याने विचारलं.

“आत्या, तो इतका शांत कसा राहू शकतो?”

“कोण? काका?”

“नाही गं... तो.”

आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “अच्छा,” ती म्हणाली. “म्हणजे करार वेगळ्याच गोष्टीचा चाललाय.”

मी दुसरं पातेलं उचललं. तिने ते काढून घेतलं.

करारावर मतदानाची सभा ठरली होती, तिच्या आदल्या संध्याकाळी तो मला पार्किंगमध्ये भेटला. गाड्यांच्या टपांवर धूळ साचली होती. तो माझ्या गाडीला टेकून उभा होता, आणि डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

“उद्या तुम्ही बोलणार आहात?”

“बोलणारच.”

“नका बोलू.”

मी पर्समधून गाडीची किल्ली काढली.

“करार नाकारला गेला तर नोकरीत सगळ्यात शेवटी लागलेले एकोणीस जण घरी बसतील,” तो म्हणाला. “कंपनीने आम्हाला खोलीत स्पष्ट सांगितलंय. आणि बाहेर सांगायचं नाही, असंही सांगितलंय. ते दोन तास मी त्या एकोणीस जणांसाठी दिले.”

“शेवटचे एकोणीस... म्हणजे आम्ही.”

“म्हणजे तुम्ही. तेव्हा मी तुम्हाला ओळखतही नव्हतो. एकोणीस नावं होती नुसती. आता...” तो थांबला. त्याने माझ्या गाडीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. “आता त्यातलं एक नाव मला रात्री झोपू देत नाही.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे वाक्य ऐकून माझे पाय जमिनीवर राहिले नसते. त्या दिवशी मात्र माझ्या डोळ्यांसमोर काकांची कललेली मान आली.

“तुला कोणी सांगितलं होतं मला वाचवायला?” मी म्हणाले. रागात ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, मला कळलंही नाही. “माझी नोकरी राहावी म्हणून तू काकांची झोप विकलीस. माझीही विकलीस. आणि वर मला सांगितलं नाहीस. रोज माझ्याबरोबर चालायचास, माझ्या शिव्या खायचास, आणि हे पोटात ठेवून घरी जायचास?”

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“नाहीच म्हटलं असतं. पण ते माझं ‘नाही’ असतं. मला वाचवायचं असेल तर मला विचारून वाचव.”

तो गाडीपासून बाजूला झाला. मी दार लावलं, गाडी सुरू केली, आणि पहिल्या वळणावर थांबून पाच मिनिटं रडले. रागानेच... बहुतेक.

सभा संघटनेच्या हॉलमध्ये होती. पुढच्या रांगांत पिकल्या केसांचे कॅप्टन, मागे आम्ही. पंखे फिरत होते आणि गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होते. अध्यक्षांना माईक फार प्रिय. त्यांनी करार किती चांगला आहे ते सांगितलं, मग तेच पुन्हा सांगितलं. एक ज्येष्ठ उठून म्हणाले, “पोरांनो, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका.”

मी उभी राहिले. “सर, हातचं म्हणजे काय? पगार पुढच्या महिन्यात हातात येईल. झोप आज हातात आहे, तीच जातेय. पगारवाढ घेऊन मी विमानात जागी राहणार आहे का? काकांना तुम्ही सगळे ओळखता. आज ते या हॉलमध्ये नाहीत. त्यांचा प्रयोग संपला. आपला सुरू व्हायचाय.”

मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. पुढून “बस खाली” असं कोणीतरी म्हणालं, आणि ते म्हणणाऱ्याला दुसऱ्याने गप्प केलं. आवाज वाढला. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला आणि समितीतर्फे शिफारस करायला मवाळाला बोलावलं.

तो माईकपाशी आला. हातात कागद होता. त्याने तो घडी करून खिशात घातला.

“ते दोन तास मी दिले,” तो म्हणाला. नेहमीसारखाच मऊ, पण हॉल शांत झाला. “त्या बदल्यात शेवटच्या एकोणीस जणांच्या नोकऱ्या मागितल्या. करार नाकारलात तर ते घरी बसतील. हे तुम्हाला सांगू नका असं आम्हाला सांगितलं होतं, आणि मीही गप्प बसलो. तुम्हाला निम्मंच सांगून मत मागत होतो. ती चूक होती. दुसरी गोष्ट. ते दोन तास गेल्यावर काय होतं, ते मी मागच्या खुर्चीवर बसून बघितलंय. मी या कराराची शिफारस करू शकत नाही. आता तुम्हाला दोन्ही माहीत आहे. ठरवा.”

अध्यक्ष त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. चेहऱ्यावरून तरी ते आशीर्वाद वाटत नव्हते.

मतपेटीशी माझा हात क्षणभर थांबला, हे कबूल करते. एकोणीस जणांत मी होते. माझ्या पुढे उभी असलेली माझीच बॅचमेट, जिच्या घरी तान्हं मूल आहे, तिने माझ्याकडे वळून पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि चिठ्ठी आत टाकली. मग मीही टाकली.

करार पडला. थोडक्या मतांनी, पण पडला. लोक ओरडत होते, काही एकमेकांना मिठ्या मारत होते, काही खुर्च्या सरकवून तावातावाने बाहेर पडत होते. मी त्याला शोधत होते. तो मागच्या दाराने निघून गेला होता. माझ्याकडे एकदाही न बघता.

सोमवारी कार्यालयातून फोन आला. पुढील सूचना मिळेपर्यंत घरी थांबा. एकोणिसांपैकी प्रत्येकाला तोच गोड आवाज, तेच वाक्य. त्या दिवशी माझा फोन सारखा वाजत राहिला. आईचा, बाबांचा, बॅचमेटचा, काकांचासुद्धा. फक्त एकाचा आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला तरी नाही.

मला कंपनीचा राग होता, अध्यक्षांचा होता, त्या गोड आवाजाचा होता. पण रात्री कूस बदलताना ज्याचा राग यायचा, तो यांच्यापैकी कोणीच नव्हता. घरी बसून मी भिंती चावीन या भीतीने आत्याने मला दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसवलं. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, लहान मुलांना सांगायचं की दुखत नाही. मी इतक्या रागाने सांगायचे की मुलं मुकाट्याने आत जायची.

अशाच एका सकाळी दार उघडलं आणि तो आत आला. गाल धरून.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“दाढ,” तो म्हणाला.

“शहरात दातांचे दुसरे डॉक्टर नाहीत?”

“आहेत. बरेच आहेत.”

“मग?”

तेवढ्यात आत्या दारात आली. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, “आत ये रे.”

दाढेला तडा गेला होता. झोपेत दात खाऊन खाऊन. आत्याने इंजेक्शन दिलं, तोंडात कापसाचे बोळे कोंबले, आ करायला लावलं, दिवा त्याच्या तोंडावर आणला. मग मला हाक मारली.

“याला बधिर व्हायला वेळ आहे,” हातमोजे काढत ती म्हणाली. “मी चहा घेऊन येते. याला बोलता येणार नाही, आणि उठून पळताही येणार नाही. तुला काय सांगायचंय ते सांगून घे.”

आणि ती खरंच गेली.

मी खुर्चीशेजारी उभी राहिले. तो आ करून माझ्याकडे बघत होता. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं ओठांवर आलं.

“एक फोन करता येत नव्हता?” मी म्हणाले. “सगळ्या हॉलसमोर उभा राहिलास, मला वाटलं, असा माणूस मी पाहिला नाही. आणि मग तूच मागच्या दाराने पळालास. माझी नोकरी गेली त्याचं मला वाईट वाटलं, पण मी तुला दोष दिला नाही. एकदाही नाही. मी रोज फोनकडे बघत बसायचे. मी. फोनकडे. तुला कल्पना आहे का, मला स्वतःचा किती राग आलाय?”

“अं,” तो म्हणाला.

“अं काय? आत्याच्या या ताटात कसली हत्यारं आहेत बघितलीस का? मला सगळी वापरता येत नाहीत, पण शिकेन.”

त्याचे डोळे हसले. आणि मग एकदम भरून आले. ते इंजेक्शनने असेल म्हणून मी नजर वळवली.

आत्याने दाढ नीट केली. पुढचा तासभर काही खायचं नाही असं बजावलं, आणि त्याला जिन्यापर्यंत सोडायला मलाच पाठवलं. जिन्यात ओल्या फरशीचा वास होता. त्याचा अर्धा चेहरा झोपलेला, बोलताना शब्द एका बाजूने घरंगळत होते.

“कुठल्या तोंडाने फोन करणार होतो?” तो म्हणाला.

“आता तरी कुठलं तोंड आहे?”

“आहे तेवढं.” त्याने कठडा धरला. “मीसुद्धा नकाराचंच मत दिलं. तुझी नोकरी जाणार हे माहीत असताना दिलं. हे तुला फोनवर सांगता येईना.”

“का दिलंस?”

तो शब्द जुळवत राहिला... ओठ ऐकत नव्हते.

“त्या दिवशी काका झोपले. दुसऱ्या एखाद्या दिवशी शेजारी तू असशील, तीच चार उड्डाणं, तीच कमी झोप, आणि दोघंही...” त्याने वाक्य सोडून दिलं. “मग वाटलं, नोकरी गेली तर तू घरी बसशील. माझ्यावर चिडशील. जन्मभर चिडशील, बोलणार नाहीस. पण असशील.”

खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. घरघर करायची, थांबायची. मला तेवढाच आवाज ऐकू येत होता.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. अर्ध्या तोंडाने. “हे नीट बोलता येईल तेव्हा सांगणार होतो.”

मी त्याच्या बधिर गालावर हात ठेवला. त्याला ते कळलं नाही, फक्त दिसलं.

“मी अजून चिडलेलीच आहे,” मी म्हणाले.

“माहीत आहे.”

“उत्तर आज देणार नाही.”

“नको देऊस.”

मी वर आले. आत्या हत्यारं उकळायला लावत होती. तिने काही विचारलं नाही. विचारायची तिला गरजही नव्हती, कारण मी तिची चहाची कपबशी धुवायला निघाले होते, चहासकट.

कंपनी महिनाभर ताठ राहिली. पण विमानं एकोणीस वैमानिकांवाचून उडेनात. उड्डाणं रद्द व्हायला लागली, प्रवासी खिडक्यांवर ओरडायला लागले. काकांच्या बाबतीत ज्येष्ठ मंडळीच चिडली. हातचं सोडू नका म्हणणारे कॅप्टन सगळ्यात पुढे होते. अध्यक्षांनी मवाळाला समितीतून काढलं, आणि नव्या फेरीत बोलणीला बसायला मंडळींनी काकांनाच पाठवलं. नवा मसुदा आला. पगारवाढ आधीपेक्षा कमी, पण विश्रांतीचे दोन तास जागच्या जागी. एकोणीस जण परत कामावर. आणि थकलो असं स्वतःहून सांगणाऱ्यावर कारवाई नाही.

मतदान त्याच हॉलमध्ये झालं. मी चिठ्ठी टाकून बाहेर आले तेव्हा तो फाटकाशी उभा होता. आधीच मत देऊन आलेला. वारा सुटला होता, आणि माझे केस सारखे तोंडावर येत होते.

“झालं?” त्याने विचारलं.

“झालं. मी ‘हो’ म्हटलं.”

“मीही. पगाराचं थोडं कमी पडलं, पण एकूण करार चांगला आहे. काकांनी ते तिसरं कलम तर असं काही...”

“मी ‘हो’ म्हटलं,” मी पुन्हा म्हणाले.

“हो ना, तेच म्हणतोय, विश्रांतीचं कलम...”

मी केस मागे सारून त्याच्याकडे बघत राहिले. तो बोलता बोलता थांबला. कलम तोंडातच राहिलं.

“करारालाच ना?” त्याने अगदी हळू विचारलं.

“त्यालाही,” मी म्हणाले. “आणि एवढी साधी गोष्ट तुला दोनदा सांगावी लागते, याचा मला प्रचंड राग आलाय.”